शनिवारचा सिनेमा आणि वरची कडी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला नाही, मित्रांना नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सिनेमांपासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

मी अंधेरीला लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेतो. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोनवर कशी किंचाळतात, कल्पना आहे? आठवडाभर तेच. शुक्रवारपर्यंत डोकं नुसतं घुमायला लागतं. म्हणून शनिवारी दुपारी जेवलो की मी खोलीत जायचो, हेडफोन चढवायचो आणि एखादा सायन्स फिक्शन सिनेमा लावायचो. परग्रह, यंत्रमानव, काळात मागेपुढे जाणारी माणसं — काहीही चालायचं. फक्त इथून लांब हवं. तिथे यान बिघडलं तरी फोन मला उचलावा लागत नाही ना! त्या दोन तासांच्या आशेवर मी आठवडा काढायचो. यात काय चुकलं? काहीच नाही. चुकलं ते वेगळंच.

आमचं घर बोरीवलीत, पहिल्या मजल्यावर. तेव्हा आम्ही तिघं — आई, बाबा आणि मी. ताई लग्न होऊन मुलुंडला. बाबा गिरणी कामगार. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, पण म्हातारपणी त्यांच्या डोक्यात ती परत सुरू झाली होती. मध्येच उठायचे आणि "पाळी चुकतली माझी" म्हणत कामावर जायला दाराकडे निघायचे. म्हणून आईने सुताराला बोलावून दाराच्या अगदी वरच्या टोकाला एक जादा कडी बसवून घेतली. ती बाबांच्या लक्षातच यायची नाही. घरात नियम एकच — दार उघडलं की परत वरची कडी लावायची. आई त्यात कधी चुकली नाही.

हे वाक्य पुन्हा लिहितो. आई त्यात कधी चुकली नाही.

त्या शनिवारी ती भाजी घेऊन आली, कडी लावली, भेंडी धुऊन पसरली आणि आत जाऊन जरा आडवी झाली. बाबा हॉलमध्ये खुर्चीत. मी माझ्या खोलीत. सिनेमात यानातला प्राणवायू संपत आला होता आणि दोघांपैकी एकालाच परत येता येणार होतं. तेवढ्यात मोबाईलवर मेसेज आला — मी मागवलेला चिकन रोल दारात आला होता. मी सिनेमा थांबवलासुद्धा नाही. धावत गेलो, पिशवी घेतली, पायाने दार ढकललं, परत आलो.

कडी विसरलो — असं लिहिणार होतो. पण मी विसरलो नव्हतो. कडी मला दिसली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाईल. कडी लावायला काहीतरी खाली ठेवावं लागलं असतं. म्हटलं, सिनेमा संपला की लावू.

सिनेमा संपायच्या आत आई खोलीच्या दारात उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. हेडफोन काढले तेव्हा कळलं — "बाबा नाहीत रे घरात!"

ती तशीच वॉचमनला विचारायला खाली धावली. आणि मी काय केलं? बाबांच्या मागे धावलो? नाही. आधी रोलची पिशवी उचलली, खाली जाऊन सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी कोंबली. बाबा जिवंत आहेत की नाहीत हे कळायच्या आत मी स्वतःला वाचवायला लागलो होतो.

बाबा हायवेच्या कडेला सापडले, नॅशनल पार्कच्या बाजूला. अनवाणी. एका मोटारसायकलने उडवलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. एका रिक्षावाल्याने उचलून हॉस्पिटलमध्ये नेलं होतं.

तिथे ताई आली. आल्या आल्या तिने विचारलं, "दार उघडं कसं राहिलं?"

कुणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "आई भाजी घेऊन आली ना, तेव्हा राहिलं असेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आठवायचा प्रयत्न करत. "मी लावलेली रे कडी... लावलेली ना?"

"अलीकडे तू विसरतेस, आई," मी म्हणालो.

किती सहज म्हणालो! आणि तिने ते मानलं. मी तिचा मुलगा — मी कशाला खोटं बोलेन?

बाबा त्यानंतर चालले नाहीत. वर्षाच्या आत गेले. त्यांना उचलायच्या आधी आई त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळे झालं हो सगळं. माफ करा." ताई तिला सावरत होती. मी तिथेच उभा होतो, हातभर अंतरावर.

मग आईचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. गॅस बंद केला का, हे बघायला परत परत स्वयंपाकघरात जायची. सोसायटीच्या भजनी मंडळात सगळे अभंग तिला तोंडपाठ. चालू भजनात विसरले तर, या धास्तीने तिने जाणंच सोडलं. ताईने हट्ट करून तपासून घ्यायला लावलं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले आणि हसून म्हणाले, "आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "डॉक्टरांना काय माहीत? तेव्हा कडी माझ्याकडूनच राहिली ना रे?"

तिने विचारलं होतं. सरळ, माझ्याकडे बघून. याहून सोपं काय असणार होतं?

"रिक्षा आली, चल," मी म्हणालो.

आता ती ताईकडे मुलुंडला असते. मी इथे एकटा. सिनेमे सोडले का, असं विचाराल. नाही सोडले. शनिवारी अजूनही लावतो. मात्र आवाज बारीक ठेवतो आणि कुणीतरी खोलीच्या दारात येऊन उभं आहे, असं सारखं वाटत राहतं. शेवट कसा झाला ते बऱ्याचदा कळतच नाही.

परवा ताईचा फोन आला. रडत होती. आई म्हणे स्वतःहून म्हणाली, मला एखाद्या वृद्धाश्रमात ठेवा. एकाचा जीव घेतला, आता लेकीच्या घरात माझ्या हातून काही व्हायला नको. "तूच समजाव रे तिला," ताई म्हणाली, "तुझं ऐकते ती."

मी म्हणालो, "तिची इच्छा असेल तर जागा बघून येऊ."

येत्या रविवारी आईला घेऊन ती जागा बघायला जायचं आहे. दार मी उघडं ठेवलं होतं, हे मी इथे लिहिलं. तिला सांगितलेलं नाही.