तारा बदलायच्या की नाही

इरा आणि निहार,

सुधाकरआजोबा गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं, आणि फोनवर जेवढं बोलता येतं तेवढंच आपण बोललो. तिकडे मेलबर्नला तुमची परीक्षा, इकडे माणसांची ये-जा. फोन ठेवता ठेवता इरा, तू विचारलंस, "आजी, आजोबांचा बेस गिटार मला पाठवशील ना? तारा नवीन लावून पाठवशील की आहेत तशाच?" प्रश्न साधा होता, पण मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारणार होते, कोण जाणे... ज्यांना विचारायचं तेच तर गेले होते. आता घर थोडं शांत झालं आहे, चादरी धुऊन झाल्या आहेत, औषधांचं कपाट आवरून झालं आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आहे. हे पुरवणीत छापून येणार आहे, तेव्हा तुम्हाला माहीत असलेल्या काही गोष्टी इतर वाचकांसाठी पुन्हा सांगाव्या लागतील. कंटाळू नका.

ते गेले तो रविवार होता. सकाळी चहा झाला, त्यांनी पेपर मागितला. मी दारातून पेपर घेऊन आले तोवर खुर्चीत मान कलली होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि माझ्याकडे बघून चष्मा काढला. मग तुमच्या बाबांना फोन, नातेवाइकांना फोन... या गडबडीत मोहन आणि विल्फ्रेड या त्यांच्या दोन मित्रांना कळवायचं राहूनच गेलं. दर रविवारी ते आमच्याकडे येत. त्याही दिवशी आले. जिन्यातून मोहनची नेहमीची हाक आली, "काय रे सुधाकरा, तुझ्या तारांचा बारावा कधी घालतलंस?" दर रविवारी ही हाक ऐकली की सुधाकरभावोजी आतून ओरडायचे, "आधी तुझं घालतो, मग तारांचं!" त्या दिवशी आतून उत्तर गेलं नाही. मोहन हसत दारात आला, त्याने उंबऱ्याबाहेरच्या चपला पाहिल्या, आणि हातातली बटाटेवड्यांची पुडी तशीच धरून तो भिंतीला टेकला. मागून विल्फ्रेड वर आला. त्याने मोहनच्या हातातली पुडी काढून घेतली, एवढंच.

हा थट्टेचा विषय कुठून आला ते सांगायला हवं. सुधाकर म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन फणसवाडीत आले तेव्हा ते कॉलेजात होते, पुढे विमा कंपनीत कारकून झाले, लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. मी त्यांना भावोजी म्हणे, ते मला वहिनी. वाडीतल्या मुलांनी एक वाद्यवृंद काढला होता. भावोजींना गिटार वाजवायची होती, पण गिटार वाजवणारे दोघे आधीच होते, म्हणून त्यांच्या वाट्याला बेस आला. चार जाड तारा, लांब मान, आणि आवाज इतका खालचा की तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा शेजारी कोणी कपाट सरकवतंय असं मला वाटलं होतं. शिक्षा म्हणून हातात आलेली ही वस्तू त्यांना इतकी आवडली, की पुढे गिटार वाजवणाऱ्यांची जागा रिकामी झाली तरी ते हलले नाहीत.

एकदा गणपतीतल्या कार्यक्रमानंतर शेजारच्या काकू त्यांना म्हणाल्या, "सुधाकर, तुझा आवाज काही आला नाही हो. माइक बंद होता का?" भावोजी म्हणाले, "काकू, गाणं चालू असताना तुमचा पाय हलत होता ना?" काकू म्हणाल्या, "हो." "तो मी."

गाणाऱ्याला दुसरा गाणारा भेटतो, तबलजीला तबलजी भेटतो. बेसवाला मात्र प्रत्येक वाद्यवृंदात एकटाच असतो, आणि त्याच्या सुखदुःखात बाकीच्यांना काडीचा रस नसतो. दादरच्या एका हॉलमध्ये स्पर्धा होती, तिथे पडद्यामागे तीन वाद्यवृंदांचे तीन एकटे बेसवाले एकमेकांना सापडले. आमचे भावोजी, लालबागचा मोहन आणि माहीमचा विल्फ्रेड. मोहनचे वडील गिरणीत होते, तो स्वतः टेलिफोनच्या खात्यात लागला होता. विल्फ्रेड एका जहाज कंपनीच्या कचेरीत होता. त्या दिवशी तिघांचे वाद्यवृंद हरले आणि तिघे आमच्याकडे चहाला आले. तेव्हापासून रविवार सकाळ त्यांची झाली.

वाजवणं कमी आणि भांडणं जास्त. विल्फ्रेड पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या त्या छोट्या पत्तीने तार छेडायचा. भावोजी बोटांनी. "पिकने बेस वाजवणं म्हणजे श्रीखंड काट्याने खाणं," असं ते म्हणत. विल्फ्रेड म्हणे, "आणि तुझं बोटांनी वाजवणं म्हणजे मॅन, श्रीखंडात हात घालून केशर शोधणं." मोहनने एकदा पाच तारांचा बेस आणला तर दोघांनी मिळून त्याला फाडून खाल्लं. चार तारांवर काय वाजवायचं ते कळलं का, की निघालास पाचवीकडे? लीड गिटारवाल्यांना नावं ठेवताना मात्र तिघांचं एकमत होई. फोटोत आपला अर्धाच खांदा येतो, टॅक्सीत आपल्यालाच डिकीजवळ कोंबतात, ही गाऱ्हाणी मी इतक्यांदा ऐकली की स्वयंपाकघरातून मी पुढचं वाक्य आधीच म्हणू शकत असे.

सगळ्यात मोठं भांडण तारांचं. बेसच्या तारा वाजवून वाजवून घामाने, मळाने जड होतात. त्यांची लकाकी जाते, आवाजातली चमक जाते. अशा तारांना हे लोक 'मेलेल्या तारा' म्हणत. विल्फ्रेडचं मत, तारा वर्षाला बदलाव्यात. मोहनचं मत, बदलायच्या कशाला, उकळत्या पाण्यात घातल्या की पुन्हा जिवंत होतात. आणि तो खरोखरच माझ्या गॅसवर तारा उकळायचा! पहिल्यांदा त्याने माझं दुधाचं पातेलं घेतलं तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी एक जुनं पातेलं वेगळं काढलं आणि त्यावर नेलपॉलिशने 'तारा' असं लिहिलं. निहार, लहानपणी तू विचारायचास ना, तारा नावाची कोण बाई आपल्याकडे राहते आणि तिचं पातेलं वेगळं का? तेच ते पातेलं. मोहन त्यात झारा फिरवत विचारी, "वहिनी, हळद टाकू काय वायच?"

भावोजी मात्र तारा बदलतही नसत, उकळतही नसत. त्यांना तोच मऊ, बुजलेला आवाज हवा असे. "मुरायला वेळ लागलाय या तारांना. लोणचं कोणी धुऊन खातं का?" म्हणून मोहनने त्या मेलेल्या तारांचं बारावं घालायची टूम काढली होती, आणि तीच हाक तो वर्षानुवर्षं जिन्यातून देत आला.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. तुम्हाला तेव्हा 'सौम्य' असं सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. चालणं सुधारलं, बोलणं स्पष्ट झालं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. त्याच हाताने तार दाबायची असते. ते रबरी चेंडू दाबत बसायचे, मी समोर वाटाणे सोलत बसायची, आम्ही त्याबद्दल बोलत नसू. पुन्हा रविवार सुरू झाले. मित्र आले. भावोजींनी बेस मांडीवर घेतला, दोन-चार सूर निसटले, एका ठिकाणी नुसतीच खरखर झाली. विल्फ्रेड म्हणाला, "छान, सुधा. छान वाजतंय."

पुढचे काही रविवार सगळंच छान होतं. मोहनची जिन्यातली हाक बंद झाली. पिकवरून कोणी काही बोलेना. मला वाटलं, किती समजूतदार मित्र. घरात आवाज नाही, चहा वेळेवर संपतो... मला तर ते बरंच वाटत होतं. एके दिवशी ते गेल्यावर भावोजी कपबशा घेऊन आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, विल्फ्रेड हल्ली तारांवरून काही बोलत नाही." मी म्हटलं, "बरं आहे की. तुम्हाला विश्रांती." ते म्हणाले, "म्हणजे मी संपलो, वहिनी. जो वाजवतो त्याच्याशी भांडतात. आजाऱ्याला छान म्हणतात." कपबशी त्यांनी विसळली, पालथी घातली आणि बाहेर जाऊन बसले.

मी दुसऱ्या दिवशी माहीमला फोन लावला. म्हटलं, "विल्फ्रेड, तुम्ही त्यांच्याशी भांडा." तो मग म्हणाला, "वहिनी, त्याची बोटं बघितलीत ना? कसं भांडू?" मी म्हटलं, "बोटं डॉक्टर बघतात. तुम्ही तारा बघा." शाळेत मुलींना इंग्रजी शिकवताना लागायचा तसा माझा आवाज लागला असावा, कारण तो नुसतं "येस, वहिनी" म्हणाला.

त्या रविवारी विल्फ्रेड आला तो आत येताच त्याने कोचावर एक पाकीट आपटलं. नव्याकोऱ्या तारांचं. "सुधा, हे आज लावायचं. तुझा बेस ऐकून मला वाटतं कोणीतरी गादीचा कापूस पिंजतंय." मी दारात उभी होते. भावोजींनी पाकिटाकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "नव्या तारांवर माझी प्रत्येक चूक ऐकू येईल रे." मोहनने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा विल्फ्रेड पुन्हा मऊ पडणार. पण तो म्हणाला, "मग येऊ दे ना! पूर्वी काय कमी चुकत होतास? फक्त त्या मेलेल्या तारांखाली लपवत होतास." आणि भावोजी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चल, हो बाजूला," म्हणाले, "तुझं पाकीट फोडणार नाही मी मरेपर्यंत." तेवढ्यात मोहनने सूर लावला, "म्हणजे बारावा एकत्रच घालुचा लागतला!" तो रविवार दुपारच्या जेवणापर्यंत लांबला. मला चहा तीनदा करावा लागला आणि मी एकदाही कुरकुरले नाही.

त्यानंतर ते दोन बोटांवर भागवायला शिकले. जिथे चार सूर वाजवायचे तिथे दोनच. वाडीच्या गणपतीत तसेच वाजवले. उतरल्यावर मोहन म्हणाला, "सूर कमी केलंस ता बरा केलंस. आधी नको तितके वाजवत होतंस." याहून मोठी शाबासकी त्यांना कधी मिळाली नव्हती. इरा, तुला व्हिडिओ कॉलवर जे शिकवलं ते याच दोन बोटांनी. तुला वाटायचं आजोबा तुझ्यासाठी सोपं करून सांगताहेत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते गेल्यावर विल्फ्रेड रविवारी येत राहिला, मोहन येईना. जिन्यातली ती हाक त्याच्या मनातून जात नव्हती. शेवटी मीच फोन केला, म्हटलं, "इराने एक विचारलंय, ते मला कळत नाही. तुम्ही या." तो रविवारी आला, जिना मुकाट्याने चढून. बेस दोघांच्या मधे ठेवला. मी तुझा प्रश्न सांगितला. मला वाटलं होतं विल्फ्रेड लगेच पाकीट फोडेल. पण त्याने पाकिटाला हात लावला नाही. मोहन म्हणाला, "बदलू नको, उकळून देऊया. पोरीक साफ मिळतीत." विल्फ्रेड एकदम म्हणाला, "उकळायच्या नाहीत! त्याचा घाम आहे रे त्यात..." आयुष्यभर नव्या तारांसाठी भांडलेला माणूस हे बोलला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. मोहनने सगळ्यात जाड तारेवरून बोट फिरवलं. काळं लागलं, ते त्याने पुसलं नाही. मग सावकाश म्हणाला, "त्याचा बारावा झाला. तारांचा नको घालुया."

थोड्या वेळाने विल्फ्रेड म्हणाला, "पण ती मुलगी आहे, वाजवणार आहे. तिला चमक हवी असेल तर?" "मगे ती बदलात. तुका कित्याक पंचाईत?" "पंचाईत म्हणजे? पाकीट माझं आहे!" आणि दोघांची जुंपली. मी आत जाऊन चहा टाकला.

इरा, तुझे बाबा पुढच्या महिन्यात येतील तेव्हा बेस त्यांच्याबरोबर पाठवते आहे. विल्फ्रेडने प्रवासासाठी तारा थोड्या सैल केल्या आहेत, तू त्या सुरात लावून घे. तारा जुन्याच आहेत. नव्या तारांचं पाकीट पिशवीच्या कप्प्यात आहे, ते अजून फोडलेलं नाही. काय करायचं ते तू ठरव. पातेलं इथेच राहील. रविवारी दोघं येतात.