आईचा तेरडा

सासूबाईंना मी माफ केलेलं नाही. त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण नाही केलं. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मग जिवंत असताना कुठे कोणी बोलू दिलं?

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. लग्न होऊन मी डोंबिवलीत आले, तेव्हा घरामागे विहीर, थोडं परस आणि पलीकडे नुसती भातखाचरं. माझ्या ट्रंकेत आईने दिलेली बियांची पुरचुंडी होती. तेरड्याचं बी. तुम्ही म्हणाल, तेरडा काय, पावसात कुठेही उगवतो! उगवतो, पण गुलाबी. आईचा पांढरा होता, पाकळीवर किरमिजी शिंतोडे असलेला. कोकणात आमच्या बांधावर तिला एकच रोप सापडलं होतं आणि दरवर्षी बी धरून तिने ते जपलं. माझ्या लग्नानंतर सहा महिन्यांत आई गेली. भावाने घर विकलं. म्हणजे ते बी आता एकट्या माझ्याकडे.

आणि मी शहाणीने पहिल्याच पावसात सगळंच्या सगळं पेरलं. मूठभर मागे ठेवावं, एवढी अक्कल नव्हती.

सात रोपं जगली. मुळाशी पाणी साचू नये म्हणून मी माती ओढायची, आसपास गुलाबी उगवलं की उपटून टाकायची, नाहीतर पुढच्या वर्षी रंग बिघडतो. बोंड पिवळं पडायला लागलं की त्यावर बांधायला मलमलीच्या चिंध्याही कापून ठेवल्या होत्या, कारण पिकलं बोंड नुसत्या स्पर्शाने फुटतं आणि बी चहूकडे उडतं. सासूबाई ओट्यावरून बघायच्या. "तेरड्याचा रंग तीन दिवस," म्हणायच्या. "त्यापेक्षा अळू लाव, फदफदं तरी होईल." मी खुरपत राहायची.

भाद्रपदात गौरी आल्या. आमच्याकडे मुखवट्यांच्या नाहीत, तेरड्याच्याच गौरी. रोपं मुळासकट आणायची, मुळं म्हणजे गौरीची पावलं. त्या सकाळी मी ओटीचं सामान आणायला कल्याणला गेलेले. परत येऊन बघते तर परसात सात खड्डे आणि विहिरीच्या काठावर धुऊन ठेवलेली सात रोपं.

"हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"आवाज खाली. गौर काढली."

"अहो, खाचराच्या बांधावर ढीगभर तेरडा आहे!"

"त्या चिखलात कोण मरायला जाईल? घरचा असताना?"

मी एक बोंड नखाने उघडलं. आत बी कोवळं, पांढरं, दुधाळ. अजून पंधरा दिवस तरी हवे होते. मी म्हटलं, "एक रोप तरी परत लावू द्या. आईचं आहे हो."

"देवीला काढलेलं परत मातीत घालतेस? अवदसा आठवली का तुला?" आणि सातही रोपं सोवळ्याच्या कापडात गुंडाळून, सुपात घालून त्यांनी माझ्याच हातात दिली. नव्या सुनेने गौर आणायची, ही त्यांची रीत.

उंबऱ्याबाहेर मी उभी. पायांवर दूध-पाणी घातलं. शेजारणी जमलेल्या. आत सासूबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन. त्यांनी रिवाजाचा प्रश्न विचारला, "गौर गौर, कशाच्या पावलांनी आलीस?"

सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. माझ्या तोंडून निघेना. सुपातून मुळं लोंबत होती, तुटकी.

"अगं बोल की! कशाच्या पावलांनी?"

"पावलांनी नाही," मी म्हटलं. "उपटून आणलीय."

एका शेजारणीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. सासूबाई वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. मग हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल इतपत म्हणाल्या, "मला नवव्या वर्षी आणली. मी रडले तर तोंडात पदर कोंबला होता. चल, आत ये."

मी आत गेले. तिसऱ्या दिवशी ती रोपं त्यांनी स्वतःच्या हाताने विहिरीत सोडली.