चंदगडचा परिच्छेद

बिनतारी यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम लिहिणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटात मी पंधरा वर्षं बसलो. घरातला वायफायचा डबा कुठल्याही कंपनीच्या फोनशी जुळतो, तो अशा गटांनी लिहिलेल्या कागदांमुळं. पण ज्या लहरींवर हे सगळं चालतं त्या आमच्या ताब्यात नव्हत्या. कोणती लहर कुणी वापरायची आणि किती शक्तीनं, हे देशोदेशींचे रेडिओ अधिकारी एकत्र बसून ठरवतात. तिथं मत देशांना. आम्ही फक्त पत्र पाठवू शकत होतो.

त्या पत्राची रीत ठरलेली होती. मसुदा पडद्यावर लावायचा, एकेक परिच्छेद वाचायचा आणि अध्यक्षांनी विचारायचं, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही की मान्य. इतिवृत्तात नोंद होई : हरकत नाही. मसुदा लिहिण्याचं काम बहुतेकदा माझ्याकडं असे. भांडणाऱ्या दोन कंपन्यांना चालेल असं वाक्य हा माणूस शोधून देतो, असा माझा लौकिक होता. मला त्याचा अभिमानही होता.

त्या वर्षी प्रश्न होता घराबाहेर लावायच्या यंत्रांचा. ठरवलेली शक्तीची मर्यादा सर्वत्र पुरेशी आहे, असं मसुद्यात लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात माझ्या हाताखाली एक इंजिनिअर होता, मूळचा चंदगडचा. त्यानं ते वाक्य वाचलं आणि म्हणाला, "सर, सर्वत्र म्हंजे कुठं? आमच्या गावाकडं येऊन बघा म्हणावं की त्यांना. पावसात शेजारच्या वाडीतली हाक ऐकू येत न्हाय, ह्यांचा सिग्नल कुठला पोचतोय?"

"मग मोजून आण," मी हसत म्हणालो.

त्यानं खरंच मोजलं. उन्हाळ्यात एकदा आणि मग अख्खा पावसाळा, रजा टाकून, एसटीनं. गावच्या शाळेच्या छतावर एक यंत्र, ओढ्यापलीकडच्या वाडीत दुसरं, मधे काजूची झाडी. यंत्राला खताच्या रिकाम्या पोत्याचं पांघरूण. पानं भिजली की त्या मर्यादेत सिग्नल ओढा ओलांडत नव्हता. सगळे आकडे त्यानं हातानं वह्यांत उतरवले. मग आम्ही दोघांनी बसून एक परिच्छेद लिहिला : ओल्या, डोंगराळ भागांसाठी जादा शक्तीची सोय ठेवावी.

बैठकीत बोलायचा अधिकार सलग हजर राहिलेल्यांनाच असे आणि कंपनी एकालाच पाठवत असे, मला. निघताना तो म्हणाला, "तुमचं तोंड तेच माझं तोंड, सर. वाचून तेवढं दाखवा. पाडलं तर पाडू दे."

बैठकीआधी चहाला एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी माझ्याजवळ आला. त्याच लहरी वापरणाऱ्या उपग्रहवाल्यांशी कसंबसं जमलंय, आता शक्तीचा विषय उघडला तर पत्र अडेल आणि मुदत टळेल, असं त्याचं म्हणणं. ते खरं होतं. मग कप ठेवता ठेवता तो म्हणाला की पुढच्या निवडणुकीत उपाध्यक्ष म्हणून आम्ही तुमच्याकडं बघतोय. तेही खरं होतं.

पडद्यावर ते वाक्य आलं. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?" आमचा परिच्छेद माझ्या फायलीत होता. मी फाईल उघडली नाही. काही क्षण गेले आणि पुढचा परिच्छेद आला.

कोल्हापूरला परतल्यावर आमच्या इंजिनिअरनं मला बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

"काय झालं, सर?"

"मांडलं रे. त्यांना तुझी मोजमापं पटली नाहीत."

"कुठं चुकलं म्हणाले?"

"पद्धतीत," मी म्हणालो.

मी उपाध्यक्ष झालो. त्यानं वर्षभरात नोकरी सोडली आणि राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवायला लागला. त्याला शिकवायची आवडच होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

तो परिच्छेद वाचला असता तर नियम बदलला असताच असं मी म्हणत नाही. बहुधा पडला असता. पण मग तो गटानं पाडला असता.

गेल्या महिन्यात गटातल्या एका नव्या सदस्याची मेल आली. 'सर्वत्र' या शब्दाचा आता फेरविचार चालू आहे. त्यावर पूर्वी कुणी हरकत घेतली होती का, मोजमापं आहेत का? इतिवृत्तात तर काहीच नाही. उत्तर लिहिण्याआधी मी कसबा बावड्याला, चंदगडच्या त्या इंजिनिअरच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे माझं मोजमाप चुकलं नव्हतं?"

"कुणी बघितलंच नाही रे ते."

"ऐकलंस काय गं?" त्यानं आत हाक मारली. त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "सर, हिलाबी सांगा. मला सांगितलं तसंच."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मला तिच्याकडं बघता आलं नाही.

"वह्या रद्दीत घातल्या की मी," ती म्हणाली. "ह्यांनीच सांगितलं. चुकलेले आकडे ठेवून काय लोणचं घालायचंय, म्हणाले. चांगल्या पाच वह्या होत्या, साहेब."

मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं टेबलावरचं पॅड माझ्यापुढं सरकवलं. "त्या पोराला काय लिवणार ते हितं लिवा. माझ्यासमोर."

मी लिहिलं की त्या काळी चंदगड भागात अशी मोजमापं घेतली गेली होती, त्यांत मर्यादा अपुरी ठरली होती, परंतु काही कारणांमुळं ती गटापुढं येऊ शकली नाहीत आणि आज उपलब्ध नाहीत. दोन्ही बाजूंना चालेल असं वाक्य.

त्यानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग 'काही कारणांमुळं' या शब्दांखाली रेघ मारली, वहीत मारावी तशी.

"कारण लिवा, सर," तो म्हणाला.

मी नवा कागद घेतला. तो समोर बसून राहिला.