गुरुवारची दोन भजनं

इंदूर शहरात चार माणसांनी निवांत बसावं अशी जागा कुठे आहे, हे माझ्या मावसदिरांइतकं दुसऱ्या कुणालाही कळत नाही, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. मावसदीर म्हणजे आमच्या ह्यांचे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि ते मला वहिनी म्हणतात, गेली बेचाळीस वर्षं, आणि त्यातली निदान चाळीस भांडणात गेली असतील. लग्नाला गेलो की बाकीचे लोक नवरीचे दागिने बघतात, दहीवडा आहे की नाही बघतात. भाऊजी बघतात मागचं दार. मग चौकीदाराशी दोन शब्द बोलतात, खुर्च्या हलवून बघतात, पंखे मोजतात, आणि माझ्या कानाशी येऊन निकाल देतात, "वहिनी, हॉल पक्का आहे, पण चौकीदार चौकश्या फार करतो. आपल्या कामाचा नाही." हे आपलं काम म्हणजे कुठलं काम, ते मला कळायला लग्नानंतर चार वर्षं लागली.

तेव्हा आम्ही छत्रीबागेत राहत होतो. भाऊजी सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं, कानात अत्तराचा फाया, आणि पोहे खातानाही मांडीवर रुमाल. असा मुलगा बिनलग्नाचा कोण ठेवतं? सासूबाईंनी स्थळांची रांग लावली होती. एका दुपारी मी गच्चीत मटार सोलत बसले होते, तर भाऊजी समोर येऊन बसले, एक शेंग उचलली आणि म्हणाले, "वहिनी, मुलगी बघायला मी येईन हो, पण मला मुलीचा भाऊ आवडला तर पंचाईत होईल." मी पोट धरून हसले. ते काही हसले नाहीत. मग मी उरलेले मटार सोलले, सावकाश, एकेक करून, आणि शेवटची शेंग रिकामी होईपर्यंत मला सगळं समजलेलं होतं. मी म्हटलं, "सासूबाईंना मी सांगते की तुमच्या पत्रिकेत काहीतरी आहे." ते म्हणाले, "आहेच." त्यानंतर त्या घरात त्यांच्या लग्नाचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायची, आणि चहा होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्याचा भाऊजींना एवढा अभिमान की बोलताना आपोआप ताठ बसतात. "पूर्वजांनी किल्ले घेतले वहिनी, मी खोल्या घेतो," असं म्हणायचे. कारण त्यांच्यासारखी माणसं शहरात पुष्कळ होती, पुरुषांवर जीव असलेले पुरुष, बाईवर जीव असलेल्या बायका, पण त्यांना एकमेकांसमोर मोकळं बसायला जागा कुठेच नव्हती. भाऊजी त्यांना सगळ्यांना मिळून "मंडळी" म्हणतात आणि जमण्याला "बैठक". पहिली बैठक नदीकाठच्या कठड्यावर भरायची. तिथे शिपाई काठी आपटत यायचा, मग मंडळी रेल्वे स्टेशनावर गेली. दर रविवारी संध्याकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि वेटिंग हॉलमध्ये जाऊन बसायचं. कुणी हटकू नये म्हणून प्रत्येकाने एकेक सूटकेस आणायची, हा भाऊजींचा नियम. सूटकेसा अर्थातच रिकाम्या. एकदा एका हमालाने दया येऊन भाऊजींची सूटकेस उचलली, जोर लावून, आणि ती अशी वर उडाली की हमालच मागे पडला. "ओ भिया, इसमें तो कुछ हेई नी!" तो ओरडला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "येताना भरून आणणार आहे." गाडी सुटताना ही आठ-दहा माणसं शिस्तीत उभी राहून हात हलवायची, ओळखीचं कुणी गाडीत असो वा नसो. खिडकीतल्या एका आजीबाई तर पदर डोळ्यांना लावून म्हणे रडल्यासुद्धा.

स्टेशननंतर एका फोटो स्टुडिओची मागची खोली. मालक मंडळींपैकीच एक. पण बाहेरून गिऱ्हाईक दिसायला हवं, म्हणून जो येईल त्याने आधी फोटो काढून घ्यायचा, मग आत जायचं. त्यामुळे भाऊजींकडे ताजमहालाच्या पडद्यासमोर काढलेले सव्वीस फोटो आहेत आणि आग्र्याला ते आयुष्यात गेलेले नाहीत. आता पुण्या-नागपूरहून इथल्या कंपन्यांत नोकरीला आलेली मुलंमुली त्यांना भेटतात, तर लोक पाहुण्यांना जसा राजवाडा दाखवतात तसे हे त्यांना कठडा दाखवतात, वेटिंग हॉल दाखवतात, आणि जिथे स्टुडिओ होता तिथे आज मोबाईलचं दुकान आहे त्याच्यासमोर उभे राहून सांगतात, "इथे आम्ही हसलोय." दुकानदार बिचारा बाहेर येऊन विचारतो, "अंकल, क्या दिखाऊँ?"

आमचे हे गेले तेव्हा आम्ही राजेंद्र नगरच्या घरात होतो, आणि वरचा मजला रिकामा झाला. दोन महिन्यांनी भाऊजी हातात टेप घेऊन आले. लांबी मोजली, रुंदी मोजली, जिन्याला दोन दारं आहेत हे बघून त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "वहिनी, दर गुरुवारी संध्याकाळी भजन करावं म्हणतो. घरात देवाचं नाव राहील." मला बरं वाटलं. पेटी आली, तबला आला, टाळ आले, दाराला 'भजन मंडळ' अशी पाटी लागली. खिडक्या उघड्या ठेवून दोन भजनं व्हायची आणि मग खिडक्या बंद. मला वाटायचं, ध्यान करत असतील. पण ध्यानात तबला इतका जोरात का वाजतो? तिसऱ्या गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं घेऊन मी वर गेले आणि दार ढकललं. आत पंधरा-वीस माणसं, दोन बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून गिरक्या घेत होत्या, आणि मधोमध आमच्या ओळखीचे शाळेतले पीटीचे मास्तर, ज्यांच्या मिशांना पोरं शिट्टीच्या आधी घाबरतात, ते माझी महेश्वरी साडी नेसून उभे! पडद्याचं माप घ्यायला म्हणून भाऊजींनी आठवड्यापूर्वी नेली होती ती. सगळं थांबलं. मी पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "मास्तर, निऱ्या उलट्या खोचल्यात. इकडे या." त्यांच्या निऱ्या काढून परत घातल्या, पिन लावली. मागे वळून बघते तर भाऊजी पेटीच्या भात्यावर डोकं टेकून रडत होते, आणि हुंदक्यागणिक पेटीतून बारीक सूर निघत होता.

मग काय, देवास, उज्जैन, धारहूनही माणसं यायला लागली. लोक म्हणतात इंदूरची रात्र सराफ्यातल्या खाण्याच्या गाड्यांवर रंगते. आमच्या मंडळींची रात्र साडेआठला संपायची, कारण शेवटच्या बसगाड्या गाठायच्या असायच्या. पण त्या अडीच तासांत काय रंगायची म्हणून सांगू! देवासहून दीदी यायची. ती जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते; तिला स्वतःला कळायला लागल्यापासून ती मुलगीच, आणि त्यापायी सोळाव्या वर्षी तिला घर सोडावं लागलं. गळा मात्र असा की पायरीवर बसलेलं मांजर उठून आत यावं. चार वर्षं दर गुरुवारी तीच दोन भजनं, तीही दीदीच्या गळ्यातून. ती इतकी सुंदर व्हायला लागली की गल्लीतल्या बायका मुद्दाम त्या वेळेला भाजी निवडायला ओट्यावर बसायच्या. इथेच भाऊजींचं गणित चुकलं. माणसाने लपण्यासाठी एखादी गोष्ट करावी, पण इतकी चांगली करू नये.

भाद्रपदाच्या महिनाभर आधी कॉलनीच्या गणेशोत्सवाच्या अध्यक्षीणबाई, आमच्या शेजारणीच त्या, पेढे घेऊन हजर. "भाऊसाहेब, चौथ्या दिवशी तुमच्या मंडळाचा प्रोग्राम. दीड घंटा. ना नाही म्हणायचं, मी कार्ड छापायला दिलेत." भाऊजींनी हसून मान डोलावली, दार लावलं आणि मटकन जिन्यात बसले. दोन भजनं म्हणजे अकरा मिनिटं. "नाही म्हणावं तर लोक विचारणार, भजन मंडळाला भजन का नको? हो म्हणावं तर सगळे स्टेजवर, दीदी, मास्तर, सगळे, कॉलनीसमोर. एकाला जरी संशय आला तर ही खोली गेली. वहिनी, मला अजून एक जागा शोधायची ताकद नाही हो. गुडघे गेले." इतक्या वर्षांत त्यांना खाली मान घालून बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मी म्हटलं, "मग भजनं शिका."

शिकले. कचेरीतल्या सवयीने त्यांनी मोठ्या कागदावर तक्ता काढला: कुठलं भजन, कोण म्हणणार, किती मिनिटं, पाणी कधी प्यायचं. चार गुरुवार नाच बंद. मास्तर इतके रुसले की टाळ वाजवताना माझ्याकडे बघेनात. "बाई, मी काय या वयात टाळकुटा होऊ?" मी सांगितलं, "व्हा. साडी कपाटात आहे, कुठे पळत नाही."

कार्यक्रम झाला, आणि काय झाला! दीदीने शेवटचं भजन उचललं तेव्हा मांडवात पोरंसुद्धा गप्प. मी पहिल्या रांगेत बसून फक्त देवाला म्हणत होते, बाबा, आता पडदा पडू दे. पण अध्यक्षीणबाई शाल-नारळ घेऊन वर चढल्या. आपल्याकडे सत्कार म्हटला की ओळख आलीच. त्यांनी दीदीला शाल पांघरली आणि माईकवर विचारलं, "आणि ह्या कोणाच्या सौभाग्यवती? भाऊसाहेब, सगळ्यांचा परिचय द्या बरं, श्री आणि सौ सकट."

भाऊजींनी माईक घेतला. त्यांच्याकडे थापांचा साठा कमी नव्हता. सूटकेसवाला माणूस तो. मला वाटलं, आता सगळ्यांना आत्या-मामा-भाचे करून टाकतील. ते दीदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही कुणाची सौ नाही. हिला घरच्यांनी बाहेर काढलं, कारण ती मुलगी आहे हे त्यांना पटलं नाही. त्या तबल्याजवळच्या दोघी तीस वर्षं एकमेकींच्या आहेत. मी पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष आहे. आम्हाला बसायला कुठे जागा नव्हती, म्हणून आम्ही भजन मंडळ झालो. खरं सांगायचं तर वर दोन भजनं झाली की आम्ही खिडक्या लावतो आणि नाचतो. तुम्हाला फसवलं, त्याची माफी मागतो. बाकी कशाची मागत नाही."

मागच्या रांगेतून दोन कुटुंबं उठली आणि निघून गेली. त्यांच्यातली एक बाई आजही भाजीवाल्याकडे मला पाठ करून उभी राहते. अध्यक्षीणबाईंच्या हातात नारळ तसाच. मग त्या म्हणाल्या, माईक चालू आहे हे विसरून, एकदम घरातल्या आवाजात, "नाचता ते माहीत आहे हो. भिंत एकच आहे आपली. चार साल से माझ्या भिंतीवरचं घड्याळ तिरकं होतंय. पण हे सगळं मला माहीत नव्हतं." एवढं बोलून त्यांनी नारळ भाऊजींच्या हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं. दुसऱ्या दिवशी समितीचे दोन पुरुष सदस्य माझ्याकडे आले. म्हणाले, "काकू, वरची खोली बंद करा, कॉलनीचं नाव खराब होतं." मी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि सांगितलं की घराची रजिस्ट्री माझ्या नावावर आहे आणि गुरुवारी वर खिचडी असते, यायचं असेल तर या. आले नाहीत. पण परत बोलायलाही आले नाहीत. त्या गुरुवारी भाऊजींनी पाटी काढली, आणि दोन भजनं झाल्यावर खिडक्या उघड्याच ठेवल्या. मास्तर साडी नेसून थेट खिडकीतच उभे राहिले. माझ्या छातीत काय भरून आलं होतं! माझ्या घरात, आमच्या ह्यांच्या घरात, एवढी हिंमतवान माणसं नाचत होती.

मग मंडळींना गुन्हेगार ठरवणारा कायदा बदलला, पोरं धीट झाली. आता नव्या इंदुरात कॉफीची दुकानं आहेत, तिथे ही मुलंमुली दारावर रंगीत झेंडा लावून बसतात. मोठमोठ्या गच्च्यांवर त्यांच्या पार्ट्या होतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. भाऊजींना पहिल्या पार्टीला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते साडेआठला सोफ्यावर झोपून गेले आणि मुलांनी त्यांच्यावर जाकीट पांघरून नाच चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी मला सांगत होते, "वहिनी, काय झोप लागली! बाहेर असा मी कधी झोपलोच नव्हतो."

दीदी मुंबईला गाण्याच्या कामाला गेली. मास्तर मुलीकडे भोपाळला. तबल्याजवळच्या दोघींपैकी एक गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून दुसरीला जिना नकोसा होतो. भाऊजी मात्र गुरुवारी पाचला येतात, सतरंजी घालतात, पेटीवरची धूळ पुसतात. परवाच्या गुरुवारी सहा वाजले, साडेसहा वाजले, खालून काही पावलं वाजेनात. मी खिचडी घेऊन वर गेले. ते एकटेच, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले.

"आज कुणी नाही?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि काय ताठ बसले, मुली सगळ्या चांगल्या घरी दिलेल्या बापासारखे. "सगळ्यांना जागा मिळाल्या, वहिनी."

मी पातेलं ठेवून नेहमीसारखी निघाले, तर म्हणाले, "बसा की. इतक्या वर्षांत तुम्ही इथे कधी बसलाच नाहीत." खरंच होतं. मी यायची, वाढायची, निऱ्या नीट करायची आणि खाली जायची. मी भिंतीचा आधार घेत खाली बसले. सतरंजी बरीच मोठी होती. त्यांनी एक बशी माझ्यापुढे सरकवली, आणि बाहेर अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून राहिलो.