आतोबांचा प्रोटॉन

माझ्या आतोबांइतक्या चिकाटीने काहीही न घडण्याची वाट पाहिलेला दुसरा माणूस मालवण तालुक्यात नाही. वाट पाहणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. कोणी मासळीची वाट पाहतं, कोणी पर्यटकांची, कोणी कोर्टाच्या निकालाची. पण त्यांच्या वाट पाहण्याच्या टोकाला काहीतरी येतं, निदान पुढची तारीख तरी येते. आतोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, तोंडवलीला आपल्या परसातल्या पाण्याच्या टाकीत डोकं घालून एक प्रोटॉन फुटण्याची वाट पाहत बसले. आणि प्रोटॉनचं सरासरी आयुष्य विश्वाच्या वयापुढे इतकं मोठं आहे की तिथे विश्व म्हणजे कालचं पोर, हेही तेच सगळ्यांना आधी सांगत.

मुंबईच्या एका कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून ते गावी परतले. येताना सामान थोडं होतं आणि सिद्धांत एकच होता, महाएकीकरणाचा. विश्व जन्मलं तेव्हा इतकं तापलेलं होतं की निसर्गातली बलं वेगवेगळी नव्हतीच. अणूचं केंद्र बांधून ठेवणारं बल, विजेचं नि चुंबकाचं बल, किरणोत्सर्ग घडवणारं बल, सगळं एकच; कुठूनही पाहा, सारखंच. मग विश्व निवत गेलं, ही सममिती मोडली आणि एकाची तीन बलं झाली. हे ते स्वच्छ पुस्तकी मराठीत सांगत, बाकी सगळं मालवणीत. आत्या पर्यटकांना दोन खोल्या देते. तिच्याकडे उतरलेल्या कोल्हापूरच्या एका कुटुंबाने आल्या आल्या विचारलं, "आज ताजं काय आहे?" आतोबांनी त्यांना बसवून घेतलं आणि पुरेशा तापमानाला सुरमई आणि बांगडा असा भेदच उरत नाही, हे समजावून दिलं. बराच वेळ ऐकून आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांका सांगा, बांगडो आसा."

सममिती मोडते कशी, याचा त्यांचा अभ्यास रस्त्यावर चाले. समुद्राकडे जाणारी पायवाट वाटेतल्या एका माडाच्या डाव्या बाजूनेही जाते आणि उजव्याही. दोन्ही अगदी सारख्या. आतोबा तिथे उभे राहिले की राहिलेच. डावी निवडायला कारण नाही, उजवी निवडायलाही नाही. एकदा मागून माशांची पाटी घेऊन आलेल्या बाईने "बाजूक व्हा वो" म्हणत त्यांना कोपराने ढकललं, तेव्हा ते उजवीकडे गेले. तिचे त्यांनी मनापासून आभार मानले. "विश्वालाही असंच कोणी ढकललं असेल का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले, "तिथे मासेवाली नव्हती. ते आपोआप झालं. तिथेच तर घोडं अडलंय."

वाडीतल्या भजनी मंडळाची भांडून दोन मंडळं झाली, तेव्हा तर आतोबांना राहवेना. थंड झाल्यामुळे जे तुटलं ते तापवल्यावर जुळलंच पाहिजे, या हिशेबाने त्यांनी दोन्ही मंडळांना ऐन मे महिन्यात आपल्या माजघरात बोलावलं, खिडक्या लावून घेतल्या आणि पंखा बंद केला. प्रयोग कल्पनेबाहेर यशस्वी झाला. थोड्याच वेळात दोन्ही मंडळं एकदिलाने दार उघडून बाहेर पडली, एकाच माडाखाली बसून आत्याची सोलकढी प्यायली, आणि दोघांनी मिळून आतोबांना जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. संध्याकाळी वारा सुटला आणि पुन्हा दोन मंडळं झाली. "बघलंस?" आतोबा मला म्हणाले, "सिद्धांत बरोबर आसा. तापमानच टिकना नाय."

त्यांचा सिद्धांत खरा असेल, तर प्रोटॉनही अमर असू शकत नाही; कधीतरी तो फुटायला हवा. परदेशात शास्त्रज्ञ जमिनीखाली प्रचंड टाक्यांत शुद्ध पाणी भरून, यंत्रं लावून, त्याचीच वाट पाहतात आणि अजून कोणाला तो फुटताना दिसलेला नाही. "मगे आमच्या पाण्यात काय प्रोटॉन कमी आसत?" असं म्हणून आतोबांनी परसातली सिमेंटची टाकी ताब्यात घेतली. तिच्यात छपरावरचं पावसाचं पाणी साठतं, कारण उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या विहिरी खाऱ्या होतात. टाकीच्या तोंडावर त्यांनी काळी ताडपत्री बांधली, आणि रोज जेवण झालं की स्टुलावर बसून ते तिच्यात डोकं घालत. निळसर ठिणगी दिसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. साध्या डोळ्यांना ती दिसणार नाही, असं मी कुठेतरी वाचलेलं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "त्यांचो डोळो सरावलेलो नसतलो." बाहेरून फक्त पंचा आणि बनियन दिसे. एका पाहुण्याने इंटरनेटवर अभिप्राय लिहिला होता: खोल्या स्वच्छ, जेवण उत्तम, मागच्या अंगणातल्या माणसाला डोकं नाही.

त्या पाण्याला हात लावायचा नाही, हा नियम होता. आत्या विहिरीच्या मचूळ पाण्यात डाळ शिजवी, ती शिजत नसे, आणि मग ती टाकीपाशी जाऊन पाठीला विचारी, "फुटलो काय?"

ताडपत्रीतून आवाज येई, "सरासरी आयुष्य तेवढं मोठं. पण एखादा आजही जाऊ शकतो."

"मगे मी आज कपडे धुवूक काढू, की तेची वाट बघू?"

आता यातली एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. टाकीच्या पलीकडे गडगा, म्हणजे नुसते चिरे रचून केलेलं कुंपण होतं आणि गडग्यापलीकडे आतोबांच्या धाकट्या भावाचं, बाळाकाकांचं घर. वडील होते तोवर एकच चूल होती. वडील भयंकर तापट. त्यांच्यापुढे सगळे एक असत. ते गेले, वाटण्या झाल्या, गडगा उभा राहिला आणि दोघा भावांचं बोलणं थांबलं. काय झालं म्हणून कोणी विचारलं, तर भांडलो असं आतोबा कधी म्हणाले नाहीत. "घर निवलां," एवढंच म्हणत.

बाळाकाकांच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात घरच्या अंगणातच करायचं ठरलं. आत्याबरोबर मीही गडग्यापलीकडे मदतीला जात होतो. आतोबांना आमंत्रण होतं, पण ते मुलीने आणून दिलेलं. लग्नादिवशी सकाळी आचाऱ्याने विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. इतके दिवस पंपाने उपसून विहीर पार खारट झाली होती. सांगितलेला टँकर आला नव्हता आणि फोन उचलत नव्हता. वऱ्हाड निघालं होतं. काय करायचं ते सगळ्यांना दिसत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. शेवटी बाळाकाका स्वतः गडग्यापाशी येऊन उभे राहिले. समोर त्यांच्या भावाची डोकं नसलेली पाठ होती.

"दादा," ते म्हणाले.

पाठ हलली नाही. मग ताडपत्रीतून हळूहळू डोकं बाहेर आलं.

"पाणी व्हया होतां."

"किती?"

बाळाकाकांनी मान खाली घातली. "आसा तितक्या सगळां."

आतोबा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग "जरा थांब" म्हणाले आणि डोकं पुन्हा आत घातलं. हंडे घेतलेल्या बायका, आचारी, बाळाकाका, सगळे ताटकळत उभे. आत्या शेवटी जवळ जाऊन हळूच म्हणाली, "आवो, इतकी वर्षां कोण मराक नाय, तो आताच मरतलो?" आतोबा उठले आणि त्यांनी ताडपत्री ओढून काढली. हंडे पलीकडे द्यायला गडगा आड येत होता, तेव्हा पहिला चिरा त्यांनीच उचलून बाजूला ठेवला. दुसरा बाळाकाकांनी. मग हंडे पलीकडे जाऊ लागले.

पंगत बसली तेव्हा आतोबा पुढे पुढे फिरत होते. त्यांचे प्रोटॉन आता डाळीत होते, भातात होते, खिरीत होते. प्रत्येक पानापाशी वाकून ते विचारत, "काय वाटलां?" नवऱ्या मुलाच्या म्हाताऱ्या मामांनी घास गिळून नीट विचार केला आणि म्हणाले, "मीठ जरा कमी आसा." आतोबांनी गंभीरपणे मान हलवली.

मी नंतर त्यांना विचारलं, "म्हणजे झालं ना एकीकरण?" तर म्हणाले, "छे. विश्व पुन्हा तेवढं तापत नाही." आणि खरंच, मिठ्या वगैरे कोणी मारल्या नाहीत. गडग्याचे काढलेले चिरे फक्त परत कोणी लावले नाहीत.

पावसाने टाकी पुन्हा भरली. यंदा दिवाळीनंतर गेलो, तर आतोबा ओटीवर खुर्चीत होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काळा चष्मा लावलेले. परसात ताडपत्रीत डोकं घालून कोणी दुसरंच बसलं होतं. बाळाकाका. शाळा अर्धी सोडलेल्या त्या माणसाला प्रोटॉन काळा की गोरा ठाऊक नाही. डोळे मात्र चांगले आहेत. रोज जेवण झालं की येतात, म्हणे.

"समजा आज दिसला," मी म्हटलं, "तर पहिल्यांदा कोणाला कळवाल?"

आतोबांनी टाकीच्या दिशेने पाहिलं. मग तिकडे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "नाय दिसलो तर बरां रे. तो आज फुटलो, तर बाळो उद्या कित्याक येतलो?"

आणि मग आवाज चढवून त्यांनी विचारलं, "दिसलां काय रे, बाळा?"

"अजून नाय, दादा."