सिमेंटचा म्हणून दिलेला डोंगर

सुध्याचे मासे मी मारले.

तीसेक वर्षं हे कुणाला बोललो नाही. काल सकाळी सुध्या गेला, आणि आज मला तोंड फुटलंय. बघा किती शहाणा मी.

सुधाकर माझा पेणच्या कॉलेजातला दोस्त. तो धाटावला केमिकल कंपनीत लागला, रोह्यात खोली घेतली. मी पेणजवळ जोह्याला घरच्या कारखान्यात गणपती रंगवत राहिलो.

त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि या बाबाच्या डोक्यात खूळ शिरलं. खाऱ्या पाण्याची टाकी. आत खडक, खडकावर जिवंत समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्रातले जीव, आणि मासे.

"पोर घरी येईल ना, तेव्हा खोलीत समुद्र पायजे."

"अरे, पाळणा घे आधी."

"पाळणा काय, सगळेच घेतात."

रद्दीत मिळालेलं एक इंग्रजी मासिक, तेवढाच त्याचा गुरू.

आधी धरमतरच्या खाडीचं पाणी आणलं. टाकीत नुसता गाळ.

मग म्हणाला, "मिठागरं आपल्या दारात. मिठाला काय तोटा?" नळाच्या पाण्यात खडा मीठ घातलं. त्यात ठेवलेल्या खडकावरचे समुद्रातले जीव दोन दिवसांत मरून सडले. घरमालक नाक धरून वर आला.

शेवटी तेलाचे डबे धुऊन रेवदंड्याहून एसटीनं पाणी आणलं. कंडक्टर म्हणे, "समुद्र घेऊन कुठं निघालात?" वहिनीच्या जुन्या साडीतून गाळलं. एअर पंप लावला. नवा खडक ठेवला आणि महिनाभर मासा न सोडता नुसतं पाणी बघत बसला. काचेवर पेनानं रेघ मारलेली. पाणी उडून खाली गेलं की तेवढंच गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही. शिफ्टवरून आला की आधी रेघ बघायचा, मग चप्पल काढायचा.

मग खडकांतल्या डबक्यातले दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे आले. आणि रुपयाएवढं एक समुद्रफूल.

तेव्हा मला म्हणाला, "टाकीत मागं लावायला तुझ्या हातचा एक डोंगर दे. सिमेंटचा. रंग नको हां."

आता सिमेंट मला कुठं येतं? प्लास्टर येतं. मी प्लास्टरचा केला आणि वर ऑइलपेंटचा राखाडी हात असा मारला की बघणाऱ्यानं शपथेवर सिमेंट म्हणावं. वर वॉर्निश.

"सिमेंटचाच ना?"

"व्हय रे बाबा."

अहो, आमचं काम दहा दिवस टिकलं की झालं. पुढं ते पाण्यातच जातं, प्लास्टर भिजून मऊ पडतं नि रंग सुटतो. हे मला कळू नये? पण मला माझ्या रंगाची मिजास होती.

डोंगर टाकीत ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या एसटीडी बूथवर त्याचा फोन. "लवकर ये. मासे मरतायत."

गेलो. मासे वर येऊन तोंड उघडत होते. फूल आक्रसून गेलेलं. सुध्या मोरीत कोपरापर्यंत हात घासत होता.

"माझेच हात रे. शिफ्टवरून आलो नि तसाच हात घातला पाण्यात. कंपनीचा वास जात नाय. हुंग, हुंग बघ!"

मी हुंगले. नुसता साबणाचा वास.

तो शेजाऱ्याची स्कूटर घेऊन नवं पाणी आणायला पळाला. मी टाकीत हात घातला. डोंगर मागून मऊ झाला होता. बोटांना राखाडी रंग आला.

मी काय केलं असेल? डोंगर पेपरात गुंडाळला आणि कुंडलिका नदीत टाकून आलो.

तो परतला तेव्हा दोन्ही मासे तळाला होते. डबे हातातच धरून उभा राहिला.

"डोंगर कुठाय?"

"काढताना फुटला."

"बरं झालं. तो तरी माझ्या हातून नाय गेला."

आणि ढसाढसा रडला. माझ्या नखात अजून रंग होता. मी मूठ खिशात घातली.

दोन महिन्यांनी वहिनी मुग्धाला घेऊन आली. "घ्या की हो, तुमचीच हाय!" हा उठला आणि मोरीत हात धुवायला गेला. परत आला, पुन्हा गेला. शेवटी टॉवेल पसरून त्यावर घेतली. मला हळूच म्हणाला, "मासे गेले माझ्या हातानं. ही तर एवढीशी हाय."

मी समोर बसून मुलगी झाल्याची बर्फी खात होतो. तेव्हा बोललो असतो तर दोन शिव्या बसल्या असत्या. संपलं असतं. नाही बोललो. पुढं जितकी वर्षं गेली तितकं ते जड झालं. नालायकपणाच तो, दुसरं काय.

टाकी पुन्हा कधी भरली नाही. वहिनी तिच्यात तांदूळ ठेवायची.

काल स्मशानातून आल्यावर मुग्धानं विचारलं, "काका, बाबांनी मला कधी हाताला धरून नेलं नाही. मी त्यांच्या शर्टाची बाही धरायची. असं का हो?"

"एकेकाचा स्वभाव असतो बाळा," मी म्हणालो.

कालसुद्धा! बाप जळून तासही झाला नव्हता, आणि मी पुन्हा खोटं बोललो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

मुग्धा, हे तुझ्यासाठी लिहिलंय. तुझ्या बाबाच्या हातांना काही नव्हतं. तो डोंगर माझा होता, रंग माझा होता. तुला धरायला त्या माणसाचा जीव तुटायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय. मला माफ करू नकोस, फक्त हे खरं मान.

सुध्या, कुठल्या तोंडानं तुला श्रद्धांजली वाहू?

जा दोस्ता. आता हात धुवत बसू नकोस.