हवालदारबाईंच्या भाकरी

सुमन कांबळे नळावर आल्या की घागरी आपोआप रांगेत लागायच्या. अंगावर घरचीच साडी असायची, पण कमरेवर हात ठेवून त्या गरजायच्या, ‘‘पावणं, लाइन म्हंजे लाइन की!’’ रांग मोडणारा सख्खा दीर असला, तरी त्या क्षणापुरता तो ‘पावणं’ व्हायचा. आवाजाबद्दल कुणी बोललं की म्हणायच्या, ‘‘आमच्या शिरोळात पाटाच्या ह्या काठावरनं त्या काठाला बोलाय लागतंय. हळू बोलून पोट भरतंय व्हय?’’

कोल्हापुरात त्या वाहतूक शाखेत हवालदार होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एका ऊस हंगामात चढावर ट्रॅक्टरची पिन निसटली आणि भरलेली ट्रॉली मागं घरंगळली. मागं लूनावर एक बाई होती. सुमनताईंनी तिला लूनासकट बाजूला ढकललं आणि त्यांचा स्वतःचा उजवा हात ट्रॉली आणि खांबाच्या मध्ये सापडला. बोटं वाचली, पण मूठ वळेना. मूठ वळली नाही, पेन धरता आलं नाही, तर चौक सुटणार आणि कायमचं कचेरीतलं टेबल मिळणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. ‘‘वैनी, टेबलावर बसीवलं तर मी मरंन बगा,’’ एवढं एकच त्या मला, शेजारणीला, म्हणाल्या. नवरा फाउंड्रीत पाळीवर. घरात रांधणारं दुसरं कुणी नव्हतं.

गल्लीनं डबे सुरू केले. दुसऱ्याच दिवशी सुमनताईंनी सगळे डबे दारातूनच परत पाठवले. मी रागानं जाब विचारायला गेले, तर उलट मलाच झापलं. ‘‘रिकामा डबा माघारी धाडायची सवय न्हाय मला. आन् भरून द्याय हात चालंना. मग घिऊ कशी?’’

समोरच्या आक्का सत्तरीच्या, दूधदुभत्याच्या घरातल्या. दहा वर्षांत त्या सुमनताईंच्या उंबऱ्यावर शेकडो वेळा बसल्या, पण चहा कधी घेतला नाही. दर वेळी ‘‘आत्ताच झालाय’’ म्हणायच्या. का, ते गल्लीला ठाऊक होतं, सुमनताईंना तर पक्कं ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही. शाळेत समतेचा धडा शिकवणारी मीही नाही. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आक्का डबा घेऊन सरळ सुमनताईंच्या स्वयंपाकघरात शिरल्या. डब्यात ज्वारीचं पीठ होतं.

‘‘डाक्टरनं चेंडू दाबाय सांगितलाय न्हवं? चेंडू कशाला? पीठ मळ, भाकरी थाप. आन् ह्योच डबा भरून दे मला.’’

सुमनताईंनी विचारलं, ‘‘आन् खाणार कोण?’’

‘‘मी की. दात न्हाईत मला, मोडकी असली तर बरीच.’’

पहिली भाकरी तव्यावर जाता जाताच तीन ठिकाणी फाटली. आक्कांनी ती घरी नेली नाही. तिथंच फतकल मारून, दुधात कुस्करून खाल्ली. सुमनताईंनी तव्याकडे तोंड फिरवलं आणि दुसरा गोळा मळायला घेतला. त्या दिवशी गल्लीतलं काहीतरी जुनं, कुबट निघून गेलं, असं मला वाटतं.

मग काय, घरोघरचं पीठ त्यांच्याकडे जायला लागलं आणि चार महिने आम्ही सगळ्यांनी मोडक्या भाकरी खाल्ल्या. आमचे हे एकदा कुरकुरले, ‘‘ही भाकरी आहे की चोराची जबानी? जागोजागी तुटते.’’ मी म्हटलं, ‘‘मुकाट्यानं गिळा.’’ एका सकाळी सुमनताईंची अशी आरोळी ऐकू आली की गॅसचा स्फोट झाला म्हणून सगळी गल्ली धावली. ‘‘फुगली! वैनी, फुगली की!’’ त्या तव्याशेजारी उभ्या राहून नाचत होत्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी आपला हात पुढं करून ‘‘दाबा’’ म्हटलं. ‘‘सोडा’’ मात्र त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

पुन्हा चौकात उभ्या राहिल्या त्याच आठवड्यात सुमनताईंनी आमच्या ह्यांना सिग्नल तोडताना पकडलं.

‘‘पावणं, गाडी बाजूला. लायसन?’’

‘‘अहो सुमनताई, चार महिने तुमची भाकरी खाल्लीय मी!’’

‘‘त्यानंच रग आलीया अंगात. लाल दिवा दिसंना झालाय.’’

हे धुमसत घरी आले आणि पावती माझ्यापुढं आपटली. मी पाहिलं. अक्षर दुसरीतल्या पोराचं असावं तसं वाकडंतिकडं, पण रकाना न् रकाना भरलेला. ह्यांना तिथंच सोडून मी पावती घेऊन बाहेर पळाले. बायका जमल्या, पावती हातोहात फिरली. दंड किती, हे एकीनंही विचारलं नाही. शेवटी ती आक्कांच्या हातात गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला आणि मागं उमटलेल्या वळांवरून हळूहळू बोट फिरवलं.

‘‘दाबून लिवलंय की पोरीनं,’’ त्या म्हणाल्या आणि पावती कुणाला परत देईनात.